पिवळ्या चेहऱ्याला कोणी हात लावू नये

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०१९, दुपारचे चार वाजून वीस मिनिटे. आत्ताच ब्रश साबणाने धुऊन ठेवले. मी, एलिओ बार्गोस्सी, वय चोवीस, गिलावा करणारा, राहणार फेरारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शाळा अर्धवट सुटली, म्हणून अडलेले शब्द कोशात पाहिले आहेत. परवा माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मी करतो. पण डोके ठिकाणावर आहे आणि कोणाची बळजबरी नाही.

१. बँकेतली शिल्लक बहीण नेव्हा हिला. त्यातून तिने आधी रंगांच्या दुकानाची उधारी भागवावी.

२. थाप्या, ओळंबा आणि शिडी चुलतभाऊ दारिओला. माझी आधीची शिडी त्याने मोडली आणि "आपोआप मोडली" म्हणाला. तरीही त्यालाच.

३. आता चित्र. संग्रहालयातल्या, काळ्या पोशाखातल्या विधवेच्या चित्राची तैलरंगात नक्कल करत मी व्यक्तिचित्र शिकलो. शिकवले इनेसबाई तारुफ्फी यांनी. माझ्या नकलेतला तिचा चेहरा रंगवून झाला आणि मूळ चित्र सफाईला गेले. सप्टेंबरात परत आले, तेव्हा जुने पिवळे व्हार्निश निघून बाई गोरी झाली होती. हात मी त्यानंतर रंगवले. त्यामुळे माझ्या बाईचा चेहरा पिवळा आणि हात गुलाबी आहेत.

इनेसबाई म्हणाल्या, "पोरा, तू कातडी नाही, मळ रंगवलास." दुरुस्ती एका दुपारची आहे, आणि तशी केल्याशिवाय चित्रकलेची अकादमी मला घेणार नाही, असेही म्हणाल्या. ते खरे आहे.

पण माझे वडील ओर्फेओ संग्रहालयात त्या चित्राच्या दालनात सत्तावीस वर्षे पहारेकरी होते. सफाईनंतर मी त्यांना तिथे नेले. बराच वेळ पाहून त्यांनी पहाऱ्यावरच्या नव्या मुलीला विचारले, "ही कोण? आमची बाई कुठे ठेवलीत?" ती हसली. वडील तडक घरी निघाले. घरी माझ्या चित्रासमोर खुर्ची ओढून बसले.

"आहे, आहे. इथे आहे." मग जरा वाकून म्हणाले, "हात कुणाचे लावलेस रे?"

म्हणून चित्र वडिलांना. चेहरा कोणीही दुरुस्त करू नये. हातांचा रंग चेहऱ्याशी जुळवायला मी उरलो नाही, तर ते आहेत तसे राहू द्यावेत. व्हार्निश वर्षभर चढवू नये. रंग आतून अजून ओला आहे. अकादमीचा अर्ज मी फाडला आहे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत असे कळले. मी तरीही दोन घेतले, कारण त्यांतल्या एकीच्या ब्रशची मला भीती आहे.

सही: एलिओ बार्गोस्सी, फेरारा

साक्षीदार: तुल्लिओ झांबोनी, शेजारी

साक्षीदार: इनेस तारुफ्फी. सगळे वाचले. चेहरा चुकलेलाच आहे. मी हात लावणार नाही.