घोटभर पाणी

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. कंबर धरली आहे, म्हणून मनातल्या मनात.

वाचनालयाच्या मागच्या खोलीतला माझा गुरुवारचा पालकवर्ग जोरात आहे. पंधरा आईबाप येतात. परवा फळ्यावर ठळक लिहिलं, ‘मुलांचं ऐका.’ एका बसचालक बापाने ते वहीत उतरवून खाली रेघसुद्धा मारली. मी घरी आले आणि लेकीच्या बंद दारापुढे वीस मिनिटं भाषण ठोकलं. मग कळलं, ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. अठरा दिवस ती ‘हो’ आणि ‘नको’ यापलीकडे माझ्याशी बोललेली नाही. काल शाळेतून फोन आला, आठवडाभर ती वर्गात नाही. दप्तर घेऊन निघते, मग जाते कुठे? विचारलं तर दार लावून घेतलं. चौदा वर्षांची पोर, ताई. तुला काही बोलली का?

लोकांना शहाणपण वाटणारी तुझी
धाकटी

१४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. अक्कल वेगळ्या पाकिटातून पाठवते.

बोलली. घाबरू नकोस, ती दिवसभर तुझ्याच वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वाचत बसते. एवढंच सांगायची तिची परवानगी आहे. बाकीचं तिच्याकडूनच ऐक, मी शब्द दिलाय.

लहानपणी तू बाहुलीलाही बोलू दिलं नाहीस. मुलांच्या वॉर्डात पंचवीस वर्षं नर्सगिरी करून मला एक युक्ती सापडली आहे. काहीतरी काम घेऊन तिच्याजवळ बस आणि तोंडात घोटभर पाणी धर. गिळायचं नाही.

माया आहे म्हणूनच टोचून लिहिते.
ताई

२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
नमस्कार, या वेळी खरोखर वाकून.

कपड्यांच्या घड्या घालत, गाल फुगवून तिच्याजवळ बसले. तिने विचारलं, दात दुखतोय का? मी मान हलवली. ती हसली, आणि मग बोलत सुटली. पालकवर्गात मंडळींना हसवायला मी तिचाच एक किस्सा सांगितला होता. तिच्या बाकावरच्या मुलीची आई तिथे होती. दुसऱ्या दिवशी तो शाळाभर झाला. मुली तिला त्यावरून हाक मारायला लागल्या.

पाणी कधी गिळलं, कळलं नाही. ती म्हणाली, “आई, तो किस्सा माझा होता.” मी घडी बाजूला ठेवून तिची माफी मागितली.

तिने अट घातली, वर्गात माफी माग, पण तिच्याबद्दल अवाक्षर न काढता. गुरुवारी उभी राहिले आणि सांगितलं की मी दुसऱ्याची गोष्ट न विचारता वाटली, यापुढे फक्त माझ्या चुका सांगेन. तास संपला तरी चुका संपेनात. त्या मुलीची आई नंतर थांबून रडली आणि घरी जाऊन लेकीशी बोलली.

सोमवारी आपली पोर शाळेत गेली. कोपऱ्यापर्यंत मला येऊ दिलं, तिथून परत पाठवलं. एकीने पुन्हा तशी हाक मारली म्हणे, पण बाकावरची मुलगी तिच्या बाजूने उभी राहिली.

हे पत्र आधी तिला वाचायला दिलं. किस्सा नेमका काय होता, त्या दोन ओळी तिने खोडल्या, म्हणून पुन्हा स्वच्छ लिहिलं. तो तुला माहीत असला, तरी माझ्याकडून कळलेला नाही.

अशीच कान उपटत राहा.
तुझी धाकटी