दोरीचं दुसरं टोक

४ जून

ति. दादांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्या खोलीला खिडकी एकच आहे, पण ती उघडते, एवढं आत्याला सांगा. तिने काळजीने दोन पत्रांत तेच विचारलं आहे.

आता खरी बातमी. आम्हा चार मैत्रिणींच्या वाचनालयाला जागा मिळाली! बंद पडलेल्या छापखान्याची खालची खोली आहे, भिंतींना अजून शाईचा वास येतो. ज्या मुलींना घरात अभ्यासाला कोपरासुद्धा मिळत नाही, त्यांच्यासाठी तिथे टेबलं मांडणार आहोत. दारावर पाटीपुरती जागा आहे, चांगली नऊ फूट उंचावर. तिथे तुमचंच अक्षर हवं. मैत्रिणींना मी केव्हाच शब्द देऊन बसले आहे.

एक विचारू? तुमच्या पत्रातल्या ओळी या वेळी उजवीकडे वर चढत गेल्या आहेत. कोऱ्या कागदावर सरळ लिहायला मला तुम्ही शिकवलंत. घाईत होता का?

तुमची लोभातली,
टोकधरी

११ जून

चि. टोकधरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन गल्लीभर फिरलो. औषधवाल्याला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदाही त्याने पहिल्यांदा ऐकल्यासारखं तोंड केलं, भला माणूस. पाटी मी तिथे येऊन, शिडीवर चढूनच लिहीन. पाटी जिथे लागायची तिथेच लिहायची, हा पाट्या रंगवण्यातला आपला नेम तुला ठाऊक आहे.

ओळी चढल्या त्या टेबल हलतं म्हणून. सध्या घरातलं सगळं लाकूडच बिघडलंय. शिडीचं बघ. वर गेलो की ती डावीकडे कलते. सुतारकाकांकडून उजवा पाय अर्धा इंच कापून घेतला, तर उजवीकडे कलायला लागली. मग डावा कापला. असं चार वेळा झालं. सुतारकाका म्हणतात, अजून दोनदा आलास तर घरी स्टूल घेऊन जाशील. तीस वर्षांची शिडी, पण म्हातारपणी हट्टी झाली आहे.

आत्या बरी आहे. माझ्यावर ओरडते, म्हणजे बरीच असणार.

तुझे,
दादा

१५ जून

चि. बयोस आत्याचा आशीर्वाद.

मी हे लिहिलंय ते तुझ्या बापाला कळलं तरी मला फिकीर नाही. लाकडाला काही झालेलं नाही, त्याची मान बिघडली आहे. वर बघितलं की त्याच्याभोवती घर फिरतं. आणि हा शहाणा शिडीचे पाय कापत बसलाय.

गेल्या मंगळवारी औषधवाल्याच्या पाटीला हात लावायला चढला आणि तिसऱ्या पायरीवरून शटरवर आदळला. खरचटण्यावर निभावलं. औषधवाल्यानेच दंडाला धरून दवाखान्यात नेला. कान तपासले, रक्तदाब तपासला, शेवटी एमआरआय काढला. सर्जनबाईंनी प्लास्टिकचा मणका पुढ्यात ठेवून मला समजावलं. मणक्यांच्या मधे गाद्या असतात. याच्या दोन झिजून मागे सरकल्यात आणि मज्जारज्जूला दाबतायत. उजव्या हाताची बोटं बधिर होतात, ब्रश गळून पडतो, ते त्यामुळेच. पुन्हा असा पडला तर हातपाय कायमचे जाऊ शकतात, असं बाईंनी तोंडावर सांगितलं. ऑपरेशन लवकर करायला हवं.

हा म्हणतो, आधी पोरीची पाटी, मग मान. मी विचारलं, मान काय पाटीच्या खिळ्याला टांगणार आहेस? तो हसला. मला नाही हसू आलं.

मी चौथी शिकलेली, तू घरातली पहिली पदवीधर. तुझं ऐकेल. लिही.

तुझी,
आत्या

१९ जून

ति. दादांना सा. न. वि. वि.

आत्याने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका. रागावायचंच असेल तर माझ्यावर रागावा, कारण मीच पाटीचा लकडा लावला.

ऑपरेशन होईपर्यंत पाटी नको. तिचं पत्र आल्यापासून मी फक्त याबद्दलच वाचते आहे. मानेला समोरून लहान छेद देतात, झिजलेली गादी काढतात, तिच्या जागी कृत्रिम बसवतात. दादा, तुमची चक्कर शंभर टक्के जाईल. मी वाचलं आहे.

काल खोलीत एकटी टेबलं पुसत होते आणि तुमची दोरी आठवली. खडूची निळी भुकटी चोळलेली. एक टोक तुमच्या हातात, दुसरं माझ्या. हलू नकोस, श्वास घेऊ नकोस, असं बजावायचात, आणि मी खरंच श्वास कोंडून उभी राहायचे. मग तुम्ही दोरी मधोमध उचलून सोडायचात आणि भिंतीवर एका फटक्यात सरळ निळी रेघ उमटायची. शाळेत बाईंना माझी बोटं निळी दिसायची, त्यांना वाटायचं मी शाईत खेळते. मी कधी खुलासा केला नाही. ती माझी ऐट होती. अक्षरं मला शाळेच्याही आधी त्या रेघेवर भेटली.

तेव्हा मी तुमचं ऐकून हलत नसे. आता तुम्ही माझं ऐका.

तुमची,
टोकधरी

२४ जून

चि. टोकधरीस अनेक आशीर्वाद.

तुझं शंभर टक्के मी सर्जनबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, मुलगी गोड आहे, पण मी तसं लिहून देणार नाही. ऑपरेशन आहे ते दाब काढायला, हातपाय वाचवायला. चक्कर काहींची जाते, काहींची कमी होते, काहींची तशीच राहते. ती मानेमुळेच आहे असंही छातीठोक सांगता येत नाही. मला बाई आवडल्या. पाटीचा रंग दहा वर्षं टिकेल असं मीही कधी कुणाला सांगितलं नाही.

खरं सांगू? पडायची भीती मला नव्हती. बाईंना मी एकच विचारलं, जाग आल्यावर हात ब्रश ओळखेल ना? त्या म्हणाल्या, ओळखेल अशी आशा आहे, आणि थांबलात तर आशा कमी होत जाईल. हात आहे तोवर तुझी पाटी व्हावी, म्हणून मी टाळत होतो. बाकी काही नाही.

तू गेल्यापासून दोरीचं दुसरं टोक खिळ्याला बांधतो. खिळा हलत नाही, पण त्याला बजावण्यात मजा नाही.

तीन जुलै ठरली आहे. शिडीची माफी मागितली.

दादा

२७ जून

ति. दादांना सा. न. वि. वि.

मी दोन तारखेला सकाळीच पोचते.

ते शंभर टक्के मी कुठेही वाचलेलं नव्हतं. माझ्या मनात होतं ते मी वाचल्यासारखं लिहिलं. पदवी घेतलेल्या माणसाने असं करू नये, आणि तुमच्याशी तर मुळीच नाही. मला माफ करा.

वाचनालय एक तारखेला उघडेल. दारावर कोरी फळी लावणार आहोत. मैत्रिणी म्हणाल्या, तात्पुरतं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. मी नाही म्हणाले. तुमचं अक्षर आलं तर येईल, नाहीतर ती कोरीच राहील, पण ती तुमची असेल.

तुमची,
टोकधरी

२५ ऑगस्ट

चि. टोकधरीस अनेक आशीर्वाद.

मानेचा पट्टा सुटला. गळ्यावर समोर बोटभर व्रण राहिलाय. आवाज अजून जरा घोगरा आहे, आत्या म्हणते तेवढीच शांतता. अंगठा आणि दोन बोटं जागी झाली आहेत. करंगळी उशिरा उठते, तिला तुझ्यासारखी सवय. चक्कर पुष्कळ कमी आहे, पण सकाळी उठताना भिंत एकदा हलून जागेवर येते. हे तुला स्पष्ट लिहितो, कारण आपल्यात आता तसं ठरलं आहे.

शिडी बंद. बाई म्हणाल्या, वर बघून काम पुन्हा करायचं नाही. ऐकून दोन दिवस मी शिडीकडे पाठ करून बसलो. तिसऱ्या दिवशी सुतारकाका आले, शिडीला सरळ दोन नवे पाय ठोकले आणि म्हणाले, ही पोरीच्या वाचनालयाला दे, वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला. ती मी पुसून ठेवली आहे.

तुझी कोरी फळी उतरवून इकडे घेऊन ये. तीस वर्षांचा नेम मोडून मी ती दोन टेबलांवर आडवी ठेवून लिहीन, बसून, मान सरळ ठेवून. उंचावर कुणीही लावा.

या पत्राच्या ओळी बघ. पेन्सिलने रेघा मारून लिहिल्यात आणि खोडल्या नाहीत. डोळ्यावर विसंबायचे दिवस गेले. आता रेघ आधी, अक्षर मागून.

नवीन भुकटी आणली, निळीच. काल दोरी लांब करून बघितली. आत्याने दुसरं टोक धरलं, पण ती बोलल्याशिवाय राहत नाही, आणि बोलली की हात हलतो. तेव्हा रविवारी तू ये. श्वास घेतलास तरी चालेल.

दादा