नवव्या चौकोनातली खोकडं

६ मार्च १९९५
नवव्या चौकोनात तीन खोकडं! पाच आठवडे तिथे शून्य. शेजारच्या चौकोनांतही शून्य. मग आली कुठून — आभाळातून?

निलंग्याकडच्या माळाचे मी पंचवीस चौकोन पाडलेत. कुठल्या चौकोनात ससे किती, त्यांना खाणारी खोकडं किती, हे धम्मप्रिया दर रविवारी मोजून आणते. माझ्या विभागातली एम.फिल.ची विद्यार्थिनी. पुढे काय होईल ते माझं गणित सांगतं. जन्म-मरण त्यात फासे टाकल्यासारखं धरलंय, नशिबाला जागा ठेवलीय. पण शून्याला पिल्लं होत नाहीत!

पोरीनं घरी बसून आकडे ठोकलेत.

८ मार्च
लातुरात क्लासच्या पाटीवर तिचं नाव! 'धम्मप्रिया मॅडम, बारावी, रविवार बॅच.' मग माळावर कोण जातं?

९ मार्च
विचारलं. "मॅडम, मोजलं तेच लिहायलेय. सकाळी माळ, दुपारी क्लास." मग ही तीन? "एकदा येऊन बघा की." उद्धट! एप्रिलात माझा पीएच.डी.चा प्रबंध द्यायचाय, माळावर जायला वेळ कुठाय?

१० मार्च
विभागप्रमुख अमृतराव सरांना लेखी दिलं — आकडे बनावट, हिची नोंदणी रद्द करा. सरांनी दोनदा वाचलं. "जपून हं, मॅडम. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय."

गेल्या वर्षी राघवेंद्र हा विद्यार्थी मोजायचा. त्याच्यावर मी कधी संशय घेतला नाही. मग हिच्यावरच का, असं मनात आलं, झटकून टाकलं.

१२ मार्च, रविवार
पहिल्या एस.टी.नं माळावर गेले. ती नसणार, खात्रीच होती.

होती. हातात वही, ओढणी काट्यांनी फाटलेली. तिनं नवव्या चौकोनाच्या पलीकडे बोट दाखवलं. दगडमातीचे ढीग. एका पडक्या जोत्याखालून खोकड बाहेर आलं, मागून आणखी दोन.

ती कड गणितात मीच बंद केली होती. नकाशा भूकंपाआधीचा. तिथे गाव, माणसं, कुत्री — तिकडून खोकड येणारच नाही, असं धरलेलं. भूकंपाला दीड वर्ष होत आलं. लातुरात राहते मी! लाज वाटली.

"आधी बोलली का नाहीस?"

"आमचंच गाव हाय ते, मॅडम. मला वाटलं, तुम्हाला माहीत असंल."

पत्राचं तिला सांगायला तोंड उघडलं. धीर झाला नाही.

१३ मार्च
पत्र परत मागायला गेले. सर म्हणाले, "ते शनिवारीच नांदेडला विद्यापीठात गेलं. तिला आज कळलं. नाव काढून घेतलं तिनं. क्लासवाले पूर्णवेळ घ्यायलेत."

वही माझ्या टेबलावर ठेवून गेलीय. कालची नोंद : चौकोन नऊ — ससे चार, खोकडं तीन, माणसं दोन.