तिसऱ्यांदा विचारायच्या आधी

कुरकुंभ, ६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
इंद्रजीतचा शि. सा. न. वि. वि.

तुमच्याकडं फोन स्पीकरवरच लावतात, म्हणून हा कागद तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर. गेल्या साली दाजींचा अपघात झाला तवा तुझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी नवस बोलला, पोरगा वाचू दे, लेक मठाला देतो. वाचले दाजी, आन् फेडायचं तुझ्या नणंदेनं! सारिकाला कुणी विचारलं का?

पेनड्राइव्हमध्ये पिक्चर धाडलाय, जुन्या परदेशी कादंबरीवरचा. एका पोरीला घरचे जबरदस्तीनं ख्रिस्ती जोगिणींच्या मठात घालतात. बघून मला डबा गोड लागंना. तिला दाखव. कॉलेज अर्धवट सोडून कंपनीत लागलो ते आप्पांपुढं तिला मागायला उभं राहता यावं म्हणून. सोळाच्या रविवारी दीक्षा झाली तर मांडव उपटतो बघ.

माझ्या भाच्याला, सार्थकला पापा. लोभ असू दे, आन् जरा माझ्या बाजूनं असू दे.

तुझा,
इंद्रजीत


वडगाव रासाई, १० फेब्रुवारी

चि. इंद्रजीत यास अनेक आशीर्वाद.

मांडव उपटणारा आला मोठा! घरी शेळीची मेख उपटत नव्हती तुझ्यानं. पिक्चर बघितला. सगळ्या बाया अंगभर कपड्यात, हात जोडलेल्या. सासूबाईंना वाटलं भक्तीचा हाय, त्याही येऊन बसल्या. भर प्रार्थनेत राजी हायेस का विचारल्यावर त्या पोरीनं नको म्हटलं तवा मात्र उठून गेल्या. सारिका शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी शेंगा फोडताना एवढंच म्हणाली, की वहिनी, आपल्यातही विचारतात.

खरंच विचारतात. दीक्षेत केस उतरवायच्या आधी मठाच्या माताजी गावापुढं तीनदा विचारतात, मनानं आलीस का. पोरी खाली बघतात आन् तिसऱ्यांदा विचारल्यावर पोरीचा मामा व्हय म्हणतो. पोरगी स्वतः न्हाई म्हणाली, तर माताजी हात लावत न्हाईत. सारिका मामाला बोलू देणार न्हाई. म्हणून तू येऊ नकोस. तू दिसलास की ते न्हाई तिचं राहणार न्हाई, तुझं होईल.

वेळेवर जेव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मोनालीताई


वडगाव रासाई, १८ फेब्रुवारी

चि. इंद्रजीत यास आशीर्वाद.

तुला मांडवाबाहेर ओढून नेल्यावर काय झालं, ते माझ्याकडूनच कळू दे. माताजींचं दोनदा विचारून झालं होतं. सारिकानं मामाचा हात बाजूला सारला होता, मान वर केली होती. एवढा दम धरायचा होतास रे. तुझी आरोळी आली आन् सगळा गाव तिला सोडून तुझ्याकडं बघायला लागला.

आप्पा उठले. सुनेचा भाऊ, म्हंजी सुनेचंच कारस्थान, असं म्हणाले. लेक मठात गेली न्हाई तर सून आजच माहेरी जाईल, नातू इथं राहील. तुझे दाजी खाली बघत बसले. सार्थक माझ्या कडेवर होता. सारिकानं त्याच्याकडं बघितलं आन् तिसऱ्यांदा विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की मनानं आले.

माताजींना पटलं नसावं. त्यांनी परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं.

केस उतरवताना भावजयीनं डोकं धरायचं असतं. मी धरलं.

मठाकडं फिरकू नकोस. आशीर्वाद हायेतच, लोभाचं मात्र थोडे दिवस विचारू नकोस.

मोनाली