शोभाची भीती

गोडादरा, सुरत. २१ नोव्हेंबर १९९५

माझी जीभच वाईट. हडळीच्या कादंबऱ्या यंदा मी घटना घडल्या त्या क्रमाने पुन्हा वाचतेय. म्हणून आधी चौथा भाग, हडळीचं बालपण. शेजारची शोभा पहिल्यांदाच वाचतेय, ती दुसऱ्या भागात आहे. तिचा नवरा रातपाळीला लूमच्या कारखान्यात गेला की पुस्तक घेऊन माझ्याकडे येते. एकटीने वाचायची छाती होत नाही. मी साड्यांना लेस लावते, ती माझा पदर मुठीत धरून वाचते.

आज तिच्या पुस्तकात हडळ विहिरीतून वर आली आणि मी बोलून गेले, "बिचारी! सावत्र आईनेच ढकललं होतं गं तिला."

शोभाच्या मुठीतून पदर सुटला. "हाई पुढला भागमा शे का, ताई?"

मी मान डोलावली. ती थोडं वाचून हसली. "आते भ्याव नही वाटत. कीव येस तिनी." आणि पुस्तक घेऊन घरी गेली.

कशाला तोंड उघडलं मी? तिची मजा घालवली, याचं वाईट वाटायला हवं. पण चुरगळलेला पदर सारखा करत बसलेय आणि मला माझीच पडलीय. तिची भीती गेली. मग उद्या ती माझ्याकडे कशाला येईल?