परत टाकलेली चिठ्ठी

१ जानेवारी २०२६, गुरुवार

चिठ्ठी परत टाकली. मी!

चर्चमध्ये नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेनंतर रांगेत जाऊन डब्यातून बायबलच्या वचनाची चिठ्ठी उचलायची. डोळे मिटून, एकच. जी येईल ती वर्षभराची. यंदा उघडली तर बोलावणं पुष्कळांना, निवड मात्र थोड्यांची, अशा अर्थाचं काहीतरी. म्हणजे मी त्या थोड्यांत नाहीच! हातात कागद आला की मी कोपरा मुडपतेच, तसा मुडपला. आणि 'अय्या, दोन आल्या वाटतं' असं मोठ्यानं म्हणून ती गुंडाळून डब्यात टाकली, दुसरी काढली! दुसरी छान निघाली — भिऊ नकोस वगैरे.

वर्षाच्या पहिल्या दिवशी खोटं. तेही पाळकसाहेबांनी डबा धरलेला असताना.

माझ्या मागे पप्पाच उभे होते.

२ जानेवारी

पप्पांचा चष्मा पुसायला घेतला. चष्म्याच्या घरात त्यांची चिठ्ठी. कोपरा मुडपलेला.

तीच.

तेरा तारखेला त्यांची बायपास आहे.

३ जानेवारी

स्मितामावशींना फोन केला. महिला मंडळातर्फे चिठ्ठ्या त्याच करतात. असलं वचन डब्यात टाकलं कुणी? 'अगं सई, संडेस्कूलच्या पोरांनी लिहिल्यात, दीडशे! मी काय एकेक वाचत बसू? केक कोण करणार होतं?' संपलं. माझं अनंतकाळाचं भवितव्य केकमुळे वाचायचं राहून गेलं.

शौनकला सांगितलं. भाऊ असून उपयोग काय! तोंडात पाव कोंबून म्हणतो, 'ताई, सगळं आधीच ठरलेलं ना? मग तू परत टाकणार हेपण ठरलेलंच. टेन्शन कशाला घेते?'

ठरलेलं होतं तर मला 'दोन आल्या' असं खोटं का बोलावं लागलं? आणि ठरलेलं नव्हतं तर मी स्वतः, याच हातानं, ते पप्पांच्या पदरात टाकलं. दोन्हीकडून मरते मीच!

४ जानेवारी, रविवार

पाळकसाहेबांना गाठलं. 'एका मैत्रिणीचा प्रश्न आहे' म्हटलं — आणखी एक खोटं. तारणासाठी, म्हणजे पापातून सोडवायला, देवानं माणसं आधीच निवडली असतील तर माणसाच्या हातात काय उरतं? म्हणाले, 'निवड त्याची, प्रतिसाद आपला.' पण प्रतिसाद द्यायची बुद्धी कोण देतं? 'तोच.' मग ज्याला दिलीच नाही त्याचा दोष कसा? त्यांनी घड्याळ पाहिलं. 'हे गूढ आहे. मैत्रिणीला म्हणावं, प्रार्थना कर.'

गूढ! गणित सुटलं नाही की मीही खाली 'गूढ' लिहायला हवं होतं.

पप्पा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला पुढे गेले नाहीत. आई गेल्यापासून सहा वर्षं मागच्याच बाकावर. पण ऑपरेशनच्या आधी नक्की घेईन म्हणाले होते. विचारलं तर, 'बघू पुढच्या रविवारी.' त्या चिठ्ठीमुळेच! आपण त्या थोड्यांतले नाही असं धरून बसलेत. आणि तसेच ऑपरेशनच्या टेबलावर जाणार.

मीही गेले नाही. माझं वेगळं — दोनदा खोटं बोलून कुठल्या तोंडानं जाऊ?

६ जानेवारी

दम्यामुळे मी चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. पप्पाच शिकवायचे. पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचे, आंघोळ करायचे आणि ओट्याशी मला घेऊन बसायचे. पाढे, शुद्धलेखन, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं. 'तारण कशानं?' 'केवळ कृपेनं!' 'आपल्या कर्मानं का नाही?' हेही पाठ. अर्थ कुणाला कळत होता? डुलक्या यायच्या त्यांना, पण चूक सुटायची नाही. रबर कधी दिलं नाही. 'खोडायचं नाही. चूक राहू दे, खाली बरोबर लिही.'

म्हणूनच मी अशी झालेय! आणि याच माणसाला सांगायचं की मी माझं खोडलं, अन् ते तुमच्या वहीत उमटलं?

७ जानेवारी

घरमालकीण शेवंताबाई बोंबील घेऊन आल्या. घणसोलीत दारं एकमेकांना इतकी चिकटलेली, की त्यांना माझं नाक वाहिलेलंही कळतं. 'काय गो, त्वांड उतरलंय? बापाचा आपरेशन हाय म्हनून? आगो, कोनाचा कवा ते कपालावं लिवलेला हाय.' वा, काय आधार! लगेच पुढे — 'पन डाक्टर दुसरापन बगितलाव ना? मी त दोगांना इचारला असता.'

लिहिलेलंच आहे तर दोन डॉक्टर कशाला? हसू आलं, संतापही. पण मी तरी काय वेगळं केलं? दुसरी चिठ्ठीच काढली ना!

९ जानेवारी

उद्या सांगते.

१० जानेवारी

नाही सांगितलं. भित्री!

११ जानेवारी, रविवार

शेवटचा रविवार. प्रभुभोजनाला बोलावलं. शौनक एकटा पुढे गेला. मी बसून. पप्पा बसून.

'तू का बसलीस?'

'तुम्ही का बसलात?'

घरी आलो. भाजी करपली. देवालाही चार शब्द सुनावले — तुला सगळं आधीच माहीत असतं तर रांगेत आमचा नंबर तरी बदलायचा होतास!

१२ जानेवारी, सोमवार

अ‍ॅडमिट केलं. नर्सनं घड्याळ, अंगठी, चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. ते घर हातात आलं आणि मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. पप्पा जराही चकित झाले नाहीत.

'पाहिलं होतं मी. कोपरा मुडपताना. मग डब्यात चाचपून तीच काढली.'

'डोळे मिटून घ्यायची असते, पप्पा!'

'मिटलेच होते. बोटांनी शोधली.'

'मग प्रभुभोजनाला का नाही उठलात?'

'तू उठशील म्हणून थांबलो होतो.'

'पण ती का घेतलीत? तीच का?'

'तुला नको होती ना.'