टारफुल्याचं शेत

परमेश्वराला साक्षी ठेवून मी, डोर्का अबूया, कै. हेझेकिया ओबेल यांची विधवा, वय एकोणऐंशी, राहणार न्यामोंगे, सियाया, केनिया, हे लिहून ठेवते. पाय सुजले आहेत, डोकं नाही. कोणाच्या सांगण्यावरून किंवा डोळे वटारण्यावरून मी हे करत नाही. पूर्वी तोंडी कोणाला काही कबूल केलं असेल तर ते या कागदापुढे रद्द समजावं.

१. राहतं घर रिवाजाप्रमाणे धाकटा मुलगा ओडेरा याला. पत्रा गळतो तिथे डांबर लावावं, नवा आणू नये. दोन्ही गाई थोरला मुलगा जारेड याच्या. काळी लाथ मारते, हे त्याच्या बायकोला आधी सांगावं.

२. महिला मंडळाच्या भिशीतला माझा वाटा चर्चच्या शाळेत विज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी. त्यातून भिंगंच घ्यावीत. मागच्या देणगीतून हेडमास्तरांच्या खोलीत खुर्च्या आल्या होत्या.

३. शवपेटी साध्या लाकडाची. जेवणाला एक बैल पुरे. माझा फोटो छापलेले शर्ट कोणी शिवू नयेत. महिन्याभरात त्यांनी फरशी पुसतात, मी पाहिलं आहे.

४. घराच्या कुंपणाला लागून, बाहेरच्या अंगाला, ओढ्याकाठचं शेत आहे. ते मी सुकट विकून घेतलं. पट्टा माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते शेत माझी मुलगी डॉ. अकेयो हिला देते.

जारेडचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, "आई, रस्त्याला लागून जागा आहे, गाळे काढू. ताईला काय, तिच्या संशोधन केंद्राची एवढी मोठी शेती आहे."

जारेड, टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळावर जगणारं तण; केंद्राच्या शेतीत चाचणीसाठी त्याचं बी बाहेरून आणून टाकावं लागतं. आपल्याकडे ते देवाने भरभरून दिलं आहे. तुझ्या बापाने आयुष्यभर ती जांभळी फुलं उपटली आणि आपण अर्ध्या कणसांवर जगलो. हे बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि ज्वारीच्या मुळाची हाक आली की उठतं, हे अकेयोने मला चुलीपाशी बसून समजावलं. मग हाक न मारणारी ज्वारी तिने याच शेतात, हंगामामागून हंगाम निवडून, तयार केली. आज ओढ्यापलीकडच्या गावांतही तीच पेरतात. विज्ञान मला शाळेत जेवढं शिकवलं तेवढंच येतं. पण पोट भरलेली लेकरं मला ओळखता येतात.

पहिल्या पेरणीची गोष्टही लिहिते, म्हणजे पुढे कोणी वेगळी सांगायला नको. घरच्या थोरल्या बाईने पेरल्याशिवाय आमच्यात कोणी पेरत नाही, आणि बिनलग्नाच्या मुलीने माहेरच्या जमिनीत बी टाकायचंच नाही. पाऊस झाला तेव्हा मी तापाने पडले होते. अकेयो बियाण्याच्या पुड्या घेऊन बांधावर उभी. माझे दीर ओगाल आडवे आले.

"गवताशी लग्न लावलंस होय गं पोरी? आता नवऱ्याकडून घ्यायच्या गाई आम्ही त्या गवताकडून कशा मागायच्या?"

"काका, तुमच्या ज्वारीतून ते हटवलं तर त्यातच गाई धरा."

"जीभ बघा! बी टाकलंस तर घरावर अरिष्ट येईल."

मी घोंगडी गुंडाळून गेले आणि म्हटलं, "भावोजी, थोरली पेरतेय. सरका." सगळ्या ओळी माझ्या हाताने पेरल्या, ती मागून चिठ्ठीच्या काठ्या रोवत आली. रिवाज मोडला नाही, म्हणून त्यांना सरकावं लागलं.

५. पीक आल्यावर केंद्राच्या साहेबांनी स्वतःच्या नावाचा पत्र्याचा फलक तिथे लावला, अकेयोचं नाव कुठेच नाही. तो मी काढला. सध्या तो कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आहे. साहेबांना मी मनाने क्षमा केली आहे, पण दार बदलू नये.

६. आता शेवटचं. गेल्या नाताळात भाऊबंदांच्या बैठकीत ओगाल म्हणाले, "अकेयोचं लग्न नाही, मूल नाही. गेली की कुंपणाबाहेर पुरायची आणि शेत भावांनी घ्यायचं." माझी मुलं मान खाली घालून बसली. अकेयो तिथेच चहा देत होती. तिने कप ठेवले आणि बाहेर जाऊन शेतात उभी राहिली.

बिनलग्नाच्या मुलीला कुंपणाच्या आत पुरत नाहीत, हे खरं. तो रिवाज मी मोडायला सांगत नाही. मी सांगते ते एवढंच: माझी कबर घराशेजारी नवऱ्याजवळ खणू नये. ती ओढ्याकाठच्या शेतात, वरच्या कोपऱ्यात खणावी, आणि शेजारची जागा अकेयोसाठी सोडावी. लेकरू जिथे, आई तिथे. हेझेकिया समजून घेतील.

हे कलम साक्षीदारांसमोर वाचून दाखवलं तेव्हा जारेड उठून उभा राहिला. "आई, घरची मालकीण कुंपणाबाहेर? गाव तोंडात शेण घालेल आमच्या!"

मी म्हटलं, "मग कुंपण पुढे सरकव. शेराच्या झाडांचंच तर आहे. फांदी खोचली की जगते."

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचला आणि खाली सही केली.

सही: डोर्का अबूया

साक्षीदार, माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही करणारे:
एलिशा न्यांगवेसो, पाद्री
रोझबेला अजवांग, शिक्षिका

न्यामोंगे, दि. १४ मार्च २०१६